भाकरीच्या हिशेबातून गळलेली रक्कम

मराठी माणसाच्या घरात ओव्हन नाही, याबद्दल कोणी खंत व्यक्त केल्याचे आजवर ऐकिवात नाही. आमच्या परभणीत गेल्या काही वर्षांत ही वस्तू थोड्याफार घरांतून दिसू लागली आहे. परंतु त्यांपैकी बऱ्याच घरांत तिचा उपयोग पापडांचे डबे ठेवण्यापलीकडे होत नाही, असे माझे निरीक्षण आहे. यंदा दहावीच्या परीक्षेतून मोकळ्या झालेल्या आमच्या कन्येने केकच्या निमित्ताने ओव्हनची मागणी केली, तेव्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकाला शोभेल अशा पद्धतीने मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दोन हजार वॅटचा ओव्हन, आत काही ठेवण्यापूर्वी तो पंधरा मिनिटे रिकामाच तापवायचा, पुढे चाळीस मिनिटे भाजणे. म्हणजे एका केकमागे सुमारे एक युनिट वीज. रक्कम फार मोठी नव्हती. पण हिशेब मांडता मांडता माझ्या मनात एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. या वस्तूवाचून आमच्या भागातील सात-आठ माणसांची कुटुंबे पिढ्यानुपिढ्या दोन वेळा गरम अन्न जेवत आली. हे कसे साधले, आणि त्याची किंमत कोणी मोजली?

ओव्हन नसणे हे मागासलेपणाचे लक्षण आहे असे समजण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट धान्याची. गव्हाच्या कणकेत पाणी घालून ती मळली की तीत एक चिवट जाळे तयार होते. आंबवल्यावर निघणारा वायू त्या जाळ्यात अडकतो आणि पाव फुगतो. ज्वारीत हे जाळे निर्माण करणारा घटकच नाही. म्हणून ज्वारीचे पीठ आधणाच्या पाण्याने भिजवावे लागते. कढत पाण्याने पिठातला स्टार्च अर्धवट शिजतो व पिठाला तेवढ्यापुरता चिकटपणा येतो. दळून फार दिवस झालेल्या पिठाची विरी जाते, आणि मग कितीही निगुतीने थापले तरी भाकरी कडेने फाटते. अशा धान्याचा उंच, फुगीर पाव होणे नाही. ते पातळ थापावे, तापल्या लोखंडावर झटपट भाजावे आणि लगेच वाढावे, हाच त्याचा धर्म. १९६४ साली ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. उत्पादन वाढले, परंतु 'हायब्रीड'च्या भाकरीला घरोघरी नाके मुरडली गेली. येथील कृषी विद्यापीठाने पुढे काढलेली 'परभणी मोती', 'परभणी ज्योती' किंवा लोह व जस्ताचे प्रमाण वाढविलेली २०१८ सालची 'परभणी शक्ती' ही वाणे असोत. शेतातल्या कणसाची अंतिम परीक्षा तव्यावर होते, हे या भागातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट इंधनाची, आणि माझ्या मते ती अधिक निर्णायक आहे. गोदावरी, दुधना आणि पूर्णा यांच्या खोऱ्यातील हा काळ्या मातीचा प्रदेश. येथे जंगल नावालाच. चुलीत जाते ते शेतातून उरलेले: तुराट्या, पऱ्हाट्या, धसकटे, बांधावरच्या बाभळीच्या फांद्या आणि गोवऱ्या. तुराटी भडकन पेटते आणि पाहता पाहता राख होते. जाड भिंतींची भट्टी तापवायला तास-दीड तास जळणारे ओंडके लागतात. तुराट्यांच्या भाऱ्यावर भट्टी तापवायची म्हणजे चिंध्या जाळून विहिरीचे पाणी तापविण्यासारखे आहे. उलट पातळ लोखंडी तवा त्या क्षणिक ज्वाळेची उष्णता लगोलग घेतो. तवा आणि तुराटी यांची सोयरीक अशी जुळलेली आहे. ज्यांना आपण 'परंपरा' म्हणून हात जोडतो अशा अनेक गोष्टींच्या मुळाशी असा साधा हिशेब असतो.

इंधन किती मोलाचे होते याची साक्ष आमच्याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईच्या कथेत आहे. जनाबाईच्या गोवऱ्यांवरून भांडण लागले आणि कबीर ते पाहावयास आले. ज्या गोवऱ्यांतून विठ्ठलनाम ऐकू येते त्या माझ्या, असे तिने सांगितले, अशी ती कथा. भक्तांनी तिच्यातून भक्तीचा अर्थ घ्यावा, तो योग्यच आहे. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या कथेत आणखी एक गोष्ट दिसते: दोन गरीब बायका गोवऱ्यांच्या मालकीवरून भांडत होत्या. ज्या वस्तूवरून भांडण होते ती दुर्मीळ असते.

तिसरे कारण भांडवलाचे. भट्टी ही अविभाज्य वस्तू आहे. पाव भट्टी बांधता येत नाही आणि चार माणसांसाठी रोज ती तापविणे परवडत नाही. म्हणून जगात जेथे जेथे भट्टी आली तेथे ती बहुधा सामाईक किंवा भाड्याची होती. मध्ययुगीन फ्रान्समध्ये गावची भट्टी जमीनदाराची असे आणि तेथेच पाव भाजण्याची सक्ती असे. राज्यक्रांतीनंतर तो हक्क गेला. पंजाबातील गावांत सांझा चूल्हा म्हणजे सर्वांचा मिळून एक तंदूर. आमच्याकडेही, जेथे भट्टीवाचून चालत नाही तेथे, हाच मार्ग काढलेला आहे. दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीत जायचे, भट्टीवाल्याला भाजणावळ द्यायची आणि नानकटाईचा डबा भरून आणायचा, ही परभणीच्या मध्यमवर्गीय घरांची कित्येक वर्षांची रीत आहे. भट्टी त्याची, सामान आपले. वर्षातून दोनदा लागणाऱ्या यंत्रासाठी स्वतःचे भांडवल अडकवू नये, हा धडा मी वर्गात देतो तेव्हा उदाहरण मात्र ट्रॅक्टरचे देत आलो. नानकटाईचे मला आजवर सुचले नव्हते.

याचा अर्थ आमच्या स्वयंपाकात भाजणे नव्हते असा नाही. थंडीत शेताच्या बांधावर गोवऱ्यांची आगटी पेटवून तीत ज्वारीची कोवळी कणसे भाजायची, हातावर चोळून हुरडा पाडायचा. ही जमिनीत खोदलेली भट्टीच आहे, फक्त तिला मालक नाही आणि भिंत नाही. गोवऱ्यांच्या आरात पुरलेले रोडगे, चुलीतल्या निखाऱ्यांत भाजलेले भरताचे वांगे, झाकणावर निखारे ठेवून वरून-खालून आच दिलेले पातेले, कढईत वाळू पसरून तीवर ठेवलेला रव्याचा केक: या सर्व ओव्हनवाचून ओव्हन साधण्याच्या युक्त्या आहेत. मांड्यांसाठी पालथे खापर पुरत असे. मुक्ताबाईला मांडे करता येऊ नयेत म्हणून विसोबाने कुंभारांना जे देऊ दिले नाही, असे कथा सांगते, ते खापरच. भट्टीचा विचारही त्या कथेत कोणाला शिवत नाही.

शास्त्रज्ञांनीही या दिशेने डोके चालविले आहे. कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली काढलेला इकमिक कुकर म्हणजे एकावर एक डबे आणि तळाशी थोडासा कोळसा. सकाळी लावून कामाला जावे आणि परत आल्यावर वरण-भात-भाजी तयार असावी. पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला सराई कुकर त्याच कुळातला. उसाच्या पाचटासारख्या शेतातील कचऱ्यापासून केलेल्या शे-दीडशे ग्रॅम कांडी-कोळशावर त्यात एका कुटुंबाचा भात, वरण आणि भाजी शिजते. या उपकरणांचे कौतुक इंधन-बचतीसाठी होते. माझ्या मते त्यांचा खरा गुण दुसराच आहे, आणि तो नीट समजायला मला पंचेचाळीस वर्षे लागली.

दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी, जी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, पावसात घसरून पडली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. सहा आठवडे प्लॅस्टर. आईचे वय झालेले. पहिल्या आठवड्यात डबा लावला. पण आईला ज्वारीच्या भाकरीवाचून जेवण जात नाही आणि डब्यात पोळ्याच येत. तेव्हा परातीपुढे मी बसलो. पत्नी स्टुलावर बसून सूचना देत होती. पहिल्या दिवशीच्या भाकऱ्यांचे वर्णन करीत नाही. परंतु अर्थशास्त्रज्ञाची खोड म्हणून मी घड्याळ लावले होते. पाच माणसांच्या नऊ भाकऱ्यांना मला दीड तास लागला. हात बसल्यावर तो पाऊण-एक तासावर आला. पत्नी तेच काम, नोकरीला निघण्यापूर्वी, पस्तीस मिनिटांत करीत आली आहे. आणि लग्नाला अठरा वर्षे झाली तरी ती पस्तीस मिनिटे माझ्या कोणत्याही हिशेबात कधी आलेली नव्हती.

त्या दिवसांत मला जे कळले ते असे. कुकरमधले वरण शिजत असताना मी उत्तरपत्रिका तपासू शकत होतो. भाकरी होत असताना काहीही करू शकत नव्हतो. ओव्हन, इकमिक किंवा सराई कुकर ही सर्व उपकरणे माणसाला त्यांच्यापासून उठून जाऊ देतात. तवा उठू देत नाही. गोळा मळायचा, थापायचा, तव्यावर टाकायचा, वरून पाणी फिरवायचे, ते सुकायच्या आत उलटायचे, मग आचेवर फुगवायचे. कोठेही अर्धे मिनिट डोळा चुकला की भाकरी करपते किंवा तिला पापुद्रा सुटत नाही. ओव्हनने वाचते ते इंधन नव्हे. इंधन तर त्यात जास्तच जाते. वाचते ते माणसाचे लक्ष. आणि तव्याने आमच्या प्रदेशाचे जे इंधन वाचविले, ते एका व्यक्तीला रोज त्याच्यापुढे बांधून ठेवून वाचविलेले आहे.

आम्ही वर्गात सांगतो की ज्या देशात भांडवल दुर्मीळ आणि श्रम विपुल, तेथे भांडवलाच्या जागी श्रम वापरणे शहाणपणाचे ठरते. सिद्धान्त म्हणून हे बरोबर आहे. परंतु स्वयंपाकघरात जे श्रम 'विपुल' मानले गेले, ते खरोखर विपुल होते काय? माझ्या आईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. शेतावर जाणाऱ्यांच्या न्याहारीच्या भाकऱ्या बांधून ती स्वतःही निंदणीला जात असे. तिच्या दिवसात एकही तास शिल्लक नव्हता. श्रम विपुल नव्हते. ते विनामूल्य होते. या दोन गोष्टींत महदंतर आहे आणि आमच्या पाठ्यपुस्तकांनी त्यांची गल्लत केलेली आहे.

चुलीविषयीच्या सरकारी धोरणांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांची गाडी नेमकी कोठे अडली ते दिसते. परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला. त्याआधीच, १९५३ साली, हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याच्या, एका जाळावर अनेक भांडी शिजविणाऱ्या चुलीचा पुरस्कार करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. कोट्यवधींसाठी निर्धूर स्वयंपाकघरे, अशा अर्थाचे तिचे शीर्षक होते. त्यांना स्त्रियांच्या डोळ्यांतील पाणी दिसले, ही मोठी गोष्ट. पुढे १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ साली तो केंद्राने गुंडाळला. तोवर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसविल्याचा हिशेब सरकारदरबारी होता. त्यांपैकी काही आमच्या गावातही बसल्या. वर्ष-दोन वर्षांत बायकांनी त्यांची तोंडे विळ्याने कोरून रुंद केली आणि धुराडी बुजली. बायका अडाणी, त्यांना सुधारणा नको, असा निष्कर्ष तालुक्याच्या साहेबांनी काढल्याचे मला लहानपणीचे आठवते.

परंतु त्यांनी तोंडे का कोरली? जुन्या चुलीपुढे बसलेली बाई एका वेळी तीन भाकऱ्या हाताळत असते. एक काठवटीत थापली जात असते, दुसरी तव्यावर असते आणि तिसरी चुलीच्या तोंडाशी, ओढलेल्या निखाऱ्यांपुढे उभी करून फुगविली जात असते. शेजारच्या वैलावर त्याच जाळाच्या उरलेल्या आचेवर वरण रटरटत असते. कारखान्यात जिला साखळी-उत्पादन म्हणतात तेच हे आहे. अरुंद तोंडाच्या चुलीत निखारे पुढे ओढता येत नाहीत. तिसरी भाकरी उभी करायला जागा राहत नाही. साखळी तुटते आणि वीस भाकऱ्यांना लागणारा वेळ वाढतो. बायकांनी चुलीची तोंडे कोरली ती वेळ वाचविण्यासाठी. धूर की वेळ, यांपैकी एकच वाचविता येत असेल तर त्यांनी वेळ वाचविला, कारण धुराची किंमत वीस वर्षांनी द्यायची होती आणि वेळेची त्याच सकाळी.

गॅसच्या बाबतीतही हेच घडत आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आज दहा कोटींहून अधिक घरांत तिची जोडणी पोचलेली आहे; हे काम लहान नाही. परंतु महालेखापरीक्षकांना २०१८ अखेरपर्यंतच्या तपासणीत या ग्राहकांचा वर्षाकाठी सरासरी वापर ३.२१ सिलिंडर एवढाच आढळला. २०२३-२४ साली तो चारच्या जवळ आला. पाच-सहा माणसांच्या घराला एवढ्यात वर्ष निभत नाही, म्हणजे उरलेला स्वयंपाक चुलीवर होतो. कारण सरळ आहे. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. ऑक्टोबर २०२३ पासूनचे तीनशे रुपयांचे अनुदान नंतर बँकेत जमा होते, पण दारात सिलिंडर घेताना साधारण पावणेतीन दिवसांची मजुरी एकदम मोजावी लागत असे. तुराट्या मात्र अंगणात फुकट रचलेल्या असतात. त्या आणायला, तोडायला, रचायला लागलेला वेळ पुन्हा त्याच विनामूल्य खात्यातला.

आणि यात भाकरीचे गणित वेगळेच आहे. चहा, भाजी, पाहुण्यांचे पोहे गॅसवर. भाकरी चुलीवर, अशी विभागणी खेड्यातल्या कितीतरी घरांत आढळते. याला चवीचे कारण सांगितले जाते, ते काही खोटे नाही. पण एका शेगडीवर एका वेळी एकच भाकरी होते; वीस भाकऱ्यांना लागणारा गॅस आणि वेळ ध्यानात घेतला म्हणजे चुलीला चिकटून राहण्यात हट्ट किती आणि हिशेब किती हे लक्षात येते. त्यातही एक नवी अडचण आहे. ज्वारी आणि तुरीच्या पट्ट्यात सोयाबीन शिरले. सोयाबीनचे भुसकट चुलीत टिकत नाही. पीक बदलले की सरपण बदलते, आणि ते शोधायला कोणाला किती लांब जावे लागते याची नोंद पीक-पाहणीच्या कोणत्याही रकान्यात होत नाही.

माझ्या आईला गेली सात वर्षे दम लागतो. तिला प्रथम तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारले, "आजी, तंबाखू, विडी?" आई हसली. तिने आयुष्यात विडीला स्पर्श केलेला नाही. चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईला हा प्रश्न विचारला जातो, आणि बसलेली किती वर्षे, हा विचारला जात नाही, याचे मला तेव्हा नवल वाटले नाही. आता वाटते. औषधांचा महिन्याचा खर्च मात्र राष्ट्रीय उत्पन्नात बिनचूक मोजला जातो.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी शंभर वर्षांपूर्वी एक कोडे घातले होते: एखाद्या पुरुषाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, कारण काम तेच राहिले तरी पगार बंद होतो. दरवर्षी मी हे सांगतो आणि दरवर्षी वर्ग हसतो. मागील वर्षी मात्र, पालम तालुक्यातून रोज एसटीने येणारी एक विद्यार्थिनी हसली नाही. तास संपल्यावर तिने विचारले, "सर, मग तिला मोजायचं असेल तर कसं मोजायचं?" मी तिला दोन पद्धती सांगितल्या: तेवढ्या वेळात बाहेर किती मिळाले असते, हे पाहायचे, किंवा तेच काम बाहेरून करून घ्यायला किती पडेल, हे. ती म्हणाली, "आमच्या गावात बाहेरही हे काम आम्हीच करतो. शाळेतली खिचडी माझी आई शिजवते." शाळेतील स्वयंपाकी-मदतनीस स्त्रियांचे मानधन केंद्राने २००९ साली महिना एक हजार रुपये ठरविले, वर्षातले दहा महिने; राज्याने त्यात आपल्या परीने भर घातली आहे. त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. ज्या कामाला घरात किंमत नाही, त्या कामाला बाहेरही बेताचीच किंमत मिळते. माझ्या दोन्ही पद्धती त्या मुलीने एका वाक्यात निकालात काढल्या.

मोजदाद सुरू झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर केलेल्या वेळ-वापर पाहणीत, घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवितात, असे आढळले. तसे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. आणि मुळात असे काम करणारे पुरुष शंभरात सव्वीस. पुन्हा २०२४ साली तशीच पाहणी झाली, तेव्हा स्त्रियांचा आकडा २८९ वर आला. पाच वर्षांत दहा मिनिटे. यात स्वयंपाकाबरोबर धुणे, झाडणे, सारेच येते. तेव्हा सर्व श्रेय अथवा अपश्रेय गॅसला देता येणार नाही. पुरुषांचा आकडाही ८८ वर आला, म्हणजे आम्हीही नऊ मिनिटे वाचविली. ती कशी, हे मात्र मला कोणी विचारू नये.

हे श्रम घराबाहेर जाऊच शकत नाहीत, असे कोणी म्हणेल तर त्याला मी जात्याची आठवण करून देईन. जनाबाईच्या नावाशी गोवऱ्यांइतकेच जाते जोडलेले आहे. दळण हा स्त्रीच्या दिवसाचा आरंभ होता. त्याभोवती ओव्या होत्या, श्रद्धा होती, सुनेच्या गुणांची परीक्षाही होती. पिठाची गिरणी आली आणि पाहता पाहता पहाटेचे ते दोन तास बायकांच्या अंगावरून उतरले. ओव्या गेल्या म्हणून अभ्यासकांनी हळहळ केली. दळणाऱ्या बाईने केल्याचे मला माहीत नाही. गिरणी ही त्या बेकरीच्या भट्टीसारखीच: यंत्र एकाचे, धान्य आपले, दळणावळ वजनावर. मग भाकरीच्या बाबतीत असे का झाले नाही? पीठ आठवडाभर टिकते, भाकरी टिकत नाही, हे एक उत्तर. पण सोलापूरकडच्या बायका ज्वारीची कडक भाकरी करतात, ती कित्येक दिवस टिकते आणि तिचा चांगला धंदा उभा राहिला आहे. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळू शकते, हे दिसून आले. म्हणजे स्वयंपाक हा धंदा आहे हे बँकेलाही पटू शकते. दुसरे उत्तर मला अधिक खरे वाटते. दळण गिरणीत टाकायला घरातल्या पुरुषाने पैसे दिले, कारण जात्यावरून सुटलेल्या हाताला शेतात मजुरी होती. भाकरीसाठी तो पैसे देत नाही, कारण ती त्याला तव्यावरून थेट ताटात हवी असते आणि ती तशी फुकट मिळते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. जिल्ह्याच्या नियोजनात बचत गटांना शिलाई यंत्रे आणि पापडाचे प्रशिक्षण देण्याऐवजी, किंवा त्याबरोबर, दहा-वीस गावांत भाकरी-केंद्रे काढून पाहावीत. पीठ घरचे, भाजणावळ नगावर, इंधन गॅस किंवा शेतातल्या काड्यांची कांडी. मजुरी किमान वेतनाइतकी, मानधन नव्हे. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, तेथे गृहविज्ञानाचे शिक्षण कित्येक दशके चालू आहे. आधणाच्या पिठाची भाकरी फाटू न देता थापणारे साधे यंत्र व वैलासह तीन टप्पे सांभाळणारी निर्धूर शेगडी ही त्यांच्या आवाक्याबाहेरची कामे नव्हेत. केंद्र चालेल की नाही हे मी सांगू शकत नाही. ज्या घरांत सिलिंडरच जड जातो ती घरे भाजणावळ देतील काय, ही शंका मलाही आहे. पण भाजणावळीचा दर एकदा चारचौघांत ठरला म्हणजे घरातल्या भाकरीचीही किंमत प्रथमच आकड्यात दिसेल, आणि मग ती न दिसल्याचे सोंग करणे थोडे अवघड जाईल.

ओव्हन आम्ही घेतला नाही. कन्येचा केक वाळूच्या कढईत झाला आणि एका बाजूने थोडा लागला. पत्नीचे मनगट आता बरे आहे, तरी थंडीत दुखते. म्हणून रविवारच्या भाकऱ्या माझ्याकडे आल्या आहेत आणि त्यांची वही मी ठेवतो. परवाची नोंद: भाकऱ्या नऊ, वेळ बावन्न मिनिटे, फुगल्या चार. आईने त्या चारांपैकी एक खाल्ली, आणि काही न बोलता दुसरी मागितली.